तीन किलोवॅटचा रविवार

अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या मराठी आईबापांमध्ये मी ‘अडॅप्टर काका’ म्हणून ओळखला जातो. कौतुकाने नव्हे, सोयीने. बारावी संपवून एखाद्याचं पोर युरोपला शिकायला निघालं, की व्हिसा, फी, थंडीचे कोट असली मोठी कामं उरकून ते आईबाप शेवटी माझ्याकडे येतात, कारण मी मुसफ्फामधल्या एका कंत्राटी कंपनीत इलेक्ट्रिकलचं काम बघतो. “दादा, पोरगी डेन्मार्कला चाललीय. तिकडची पिन कसली असते हो?” एवढंच त्यांना विचारायचं असतं. एका वाक्यात उत्तर देऊन मी त्यांना मोकळं करायला हवं. ते मला कधी जमलेलं नाही.

मी त्यांना बसवतो, चहा मागवतो आणि सुरू होतो. आपली इथली चौकोनी पायांची पिन आयर्लंडमध्ये, माल्टात, सायप्रसमध्ये जशीच्या तशी चालते. पोर तिकडे चाललं असेल तर डोळे मिटून सामान भरा. जर्मनीत भिंतीत वाटीएवढा गोल खड्डा असतो, पिन त्यात उतरून बसते. फ्रान्समध्ये उलटा कारभार, अर्थिंगचा दांडा भिंतीतूनच बाहेर आलेला आणि भोक पिनेला. डेन्मार्कचं सॉकेट चक्क हसतं, दोन डोळे आणि खाली तोंड. स्वित्झर्लंड शेजाऱ्यांनी वेढलेला देश, पण शेजारच्या जर्मनीची जाडी पिन काही घरात घेत नाही. इटलीत तीन बारीक भोकं एका ओळीत, शाळेत प्रार्थनेला उभी केल्यासारखी. आणि एवढं सगळं करून भिंतीमागे वीज मात्र सगळीकडे तीच, दोनशे तीस व्होल्ट. “पाणी एकच, घागरी वेगळ्या,” असं म्हणून मी जरा थांबतो. ह्या वाक्यावर पालक मान हलवतात.

“अहो, त्यांना कुठला अडॅप्टर घ्यायचा तेवढं सांगा,” बायको आतून म्हणते.

इथेच एक कबुली देऊन टाकतो. मी युरोपात कधीही पाऊल ठेवलेलं नाही. हे सगळं ज्ञान कंपनीत येणाऱ्या कॅटलॉगांतलं आणि मोबाइलवरचं. हे मी पालकांना सांगत नाही, आणि सांगत नाही म्हणून ते गेल्यावर मला अपराधी वाटत राहतं. तसं मला कशाचंही अपराधी वाटतं. बायकोचं म्हणणं, लिफ्टचं दार माझ्या खांद्यावर आपटलं तरी मीच दाराला सॉरी म्हणतो. हे खरं आहे. एकदा तर लिफ्टमधल्या लोकांनी ऐकलंही.

तर, मग आमचीच मुलगी इटलीला निघाली.

ती अबुधाबीतच जन्मली, इथेच वाढली. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर बहुतेक वेळा इंग्रजीत येतं. उत्तर इटलीतल्या एका शहरात तिला डिझाइनच्या कोर्सला प्रवेश मिळाला. मी सामानाच्या बाबतीत कुणालाही मध्ये येऊ दिलं नाही. भाताचा कुकर, इस्त्री, तीन वेगवेगळे अडॅप्टर आणि एक किटली. किटली मी मुद्दाम दुकानातली सगळ्यात दणकट निवडली, तीन किलोवॅटची. पोरीला थंडीत गरम पाण्यासाठी ताटकळत उभं राहायला लागू नये, एवढाच हेतू.

“बाबा, इट्स अ केटल, नॉट अ रॉकेट,” ती म्हणाली.

“तुला काय कळतंय? पाणी मिनिटात उकळेल.”

उकळलंही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तिकडे गेल्यावर तिला खोली मिळेना. परदेशी विद्यार्थिनी म्हटलं की घरमालक फोन ठेवायचे. कुणाकुणाच्या सोफ्यावर झोपून, हॉस्टेलच्या बंक बेडवर दिवस काढून शेवटी तिला एका आजीबाईंच्या घरात खोली मिळाली. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, मुलं लांब. मुलगी त्यांना ‘सिन्योरा’ म्हणायची. आमच्या घरात त्या पहिल्या दिवसापासून ‘आजीबाई’ झाल्या. खोली वरच्या मजल्यावर, जुनी इमारत, लिफ्ट नाही, पण खिडकीतून डोंगर दिसायचे. मुलगी फोनवर ते डोंगर दाखवायची आणि बायको डोळे पुसायची. एका खोलीसाठी मी नवस बोललो असतो, पण तोवर ती मिळाली.

नव्या घरात आठवडाभरातच पहिला अंधार झाला.

“बाबा, लाइट्स गेले. होल हाउस. आय वॉज जस्ट मेकिंग चहा.”

मला विचारलं हेच चुकलं. मी खुर्चीत सरसावून बसलो. इमारत जुनी, म्हणजे वायरिंग जुनं. न्यूट्रलची तार ढिली असणार. “आजीबाई काय करत होत्या?” “समथिंग इन द ओव्हन.” “मग ओव्हनला लीकेज असेल. तू कशालाही हात लावू नकोस. घर त्यांचं, मीटर त्यांचं, त्यांनाच बघू दे.” थोड्या वेळाने लाइट आले. मी बायकोकडे विजयाने बघितलं, जणू अबुधाबीतून मीच ते लावले होते.

दुसऱ्यांदा वॉशिंग मशीन चालू होतं. मी वॉशिंग मशीनला दोषी ठरवलं. मधल्या काळात कित्येकदा तिने चहा केला आणि काही झालं नाही, त्यामुळे किटलीवर माझा संशय जाईना. शिवाय ती मी घेतलेली होती. मी मुलीला सांगितलं, आजीबाईंना नम्रपणे सुचव की एखाद्या चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. तिने नम्रपणे सुचवलं. तेव्हा कळलं की त्या घरातली एकूण एक तार आजीबाईंच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने ओढलेली आहे, आणि ते आता नाहीत.

“शी डिडन्ट टॉक टु मी ॲट डिनर,” मुलगी म्हणाली.

तिसऱ्या अंधारानंतर आजीबाई बोलल्या. पुन्हा एकदा असं झालं, तर महिनाअखेर दुसरी खोली बघ.

त्या संध्याकाळी फोनवर आमची पोर पहिल्यांदा अख्खं वाक्य मराठीत बोलली. “बाबा, मला परत सोफ्यावर झोपायचं नाहीये.” बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मीटरचा फोटो पाठव. तिने बंद दाराच्या जाळीतून काढून पाठवला. पडद्यावर लिहिलं होतं की ह्या घराला जास्तीत जास्त तीन पूर्णांक तीन किलोवॅट मिळतील.

मी फोटो मोठा करून पाहिला, छोटा करून पाहिला, आणि मुलीला ठामपणे कळवलं की त्यांच्या मीटरचा डिस्प्ले बिघडलाय. तेहतीस असणार, मध्ये टिंब आलंय.

आता माझी बाजूही थोडी समजून घ्या. माझी नोकरीच व्हिलांचा लोड काढण्याची. कुठल्या व्हिलाला किती वीज लागेल ते बेरजा करून सांगायचं. पंचवीस-तीस किलोवॅटच्या खाली आमच्याकडे कागद हलत नाही. तीन किलोवॅट आम्ही गेटवरच्या दिव्यांना आणि कारंज्याला देतो. आम्ही स्वतः राहतो ती एका मोठ्या व्हिलाची पहिल्या मजल्यावरची पार्टिशन केलेली जागा, आणि तिथेही वीजपाणी भाड्यात धरलेलं. एसी बंद करून बाहेर पडणारा माणूस आमच्या गल्लीत मी अजून पाहिलेला नाही. खाली दुकानात दूध आणायला जाताना लोक गाडीसुद्धा चालूच ठेवतात, एसीसाठी. अशा माणसाला कुणी सांगितलं की एक अख्खं घर, ओव्हन आणि वॉशिंग मशीनसकट, त्याने पाठवलेल्या एका किटलीएवढ्या विजेवर चालतं, तर तो टिंबालाच दोष देणार.

“बाबा, सगळ्यांकडे तीनच असतात इथे,” मुलगी म्हणाली. “मी क्लासमध्ये विचारलं. एव्हरीबडी नोज. ओव्हन लावला की आयर्न नाही करायचं. मीटर थोडा वेळ वाट बघतो आणि मग कट करतो.”

मग मी वाचायला बसलो, आणि वाचता वाचता लाज वाटायला लागली. इटलीत बहुतेक घरं खरंच तीन किलोवॅटचा करार करून राहतात, वरचं पॉइंट तीन सवलतीचं. फ्रान्समध्ये घराने आधीच सांगायचं असतं की आम्हाला केवढी वीज हवी, लहान, मध्यम की मोठी, चपलेचा नंबर सांगावा तसं. वर, कुठल्या तासांना ती स्वस्त मिळते ते बघून लोक पाणी तापवतात. जर्मनीत घराच्या शेगडीसाठी थ्री-फेज येते, जी गावाकडे कारखान्याच्या तोऱ्यात मिरवते. नॉर्वेत घरंच्या घरं विजेवर ऊब घेतात. इतकी वर्षं मी लोकांना भिंतीतल्या भोकांचे आकार सांगत आलो. त्या भोकांतून किती येतं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. डोळ्यांसमोर एकेक पालक येऊ लागले, ज्यांना मी चहा पाजून पाठवलं होतं.

“आता सगळ्यांना फोन करून माफी मागू नका,” बायको म्हणाली. मी फोन खाली ठेवला.

पण आजीबाईंची माफी मागायलाच हवी होती.

“बाबा, नो,” मुलगी म्हणाली. “तू सॉरी म्हणायला लागलास की फ्युनरल होतं.”

“मी दोन वाक्यं बोलेन.”

“यू हॅव नेव्हर सेड टू सेंटेन्सेस.”

तरी शेवटी व्हिडिओ कॉल झाला. आजीबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीला. मी सुरुवात केली: किटली माझी, सल्ला माझा, मीटरवर अविश्वास माझा, मुलगी निर्दोष. मी पुढे त्यांच्या दिवंगत पतीच्या वायरिंगची स्तुती करणार होतो, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. “बास्ता.” हा शब्द भाषांतराशिवाय कळला. आपल्याकडच्या ‘खलास’सारखाच होता.

त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं. “ती विचारतेय, तुमच्या घरात किती किलोवॅट?”

मी उठून पॅनेल बघून आलो. “साठ अँपिअरचा ब्रेकर आहे. म्हणजे तेरा-चौदा.”

मुलीने सांगितलं. आजीबाईंनी पुन्हा विचारलं. मुलीने पुन्हा तेच सांगितलं.

“ती म्हणतेय, बेकरी आहे का?”

“नाही, घर आहे. दोघंच राहतो.”

आजीबाई हसल्या नाहीत. त्या बराच वेळ बोलल्या, टेबलावर बोट आपटत. मुलगी ऐकता ऐकता खाली बघायला लागली.

“बाबा, ती म्हणतेय, ज्यांच्या घरात बेकरीएवढी वीज आहे त्यांची मुलगी कशी शिकणार. आधी आईबाबांनी करून दाखवावं. रविवारचं पूर्ण जेवण, तीन किलोवॅटमध्ये. ती बघणार. जमलं तर मी राहू शकते.” मग हळूच, “शी इज सीरियस, आय थिंक.”

बायको इतका वेळ मागे उभी होती. ती पुढे आली, पडद्यात बघून म्हणाली, “इन्शाल्ला म्हण त्यांना.”

रविवार उजाडेपर्यंत मी सगळी गणितं करून ठेवली. एप्रिल संपत आला होता. गीझर तसाही बंदच. इथे उन्हाळा लागला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपलं आपण तापतं. फ्रिज बंद करता येत नव्हता. घरमालकाने सिलिंडरला मनाई केलेली, त्यामुळे शेगडी विजेची, आणि खरी पंचाईत तीच. शेगडीची मोठी प्लेट लावली की एसी नाही. एसी लावला की शेगडी नाही. मिक्सर चालेल, पण मायक्रोवेव्ह नाही. मी बायकोला रंगीत तक्ता दाखवायला गेलो.

“हे तुम्ही वाचत बसा,” ती म्हणाली. “बार्शीला आमच्याकडे लाइट यायच्या आणि जायच्या वेळा ठरलेल्या होत्या. आई लाइट असताना वाटण-घाटण करून ठेवायची आणि गेल्यावर फोडण्या द्यायची. मला तीन किलोवॅट म्हणजे चैन आहे.”

आणि तिने खरंच कमाल केली. सकाळी लवकर, एकही शेगडी पेटायच्या आत, घर एसीने गारठवून घेतलं आणि पडदे ओढले. नारळाचं वाटण तेव्हाच. सोलकढी तेव्हाच, तिला शेगडीचं कामच नाही. मग एसी बंद. कुकरमध्ये एकाच वेळी तीन डबे, वरण, बटाटे आणि बीट. कुकर उतरला की त्याच तापलेल्या प्लेटवर मसालेभात. मोबाइल तिने तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात आजीबाई, चर्चमधून येऊन थेट बसलेल्या, खांद्यावर शाल तशीच. शेजारी आमची मुलगी, दुभाषी.

मला ओट्याजवळ थारा नव्हता. माझी जागा पॅसेजमध्ये, पॅनेल उघडून. कंपनीतला क्लॅम्प मीटर मी घरी आणला होता. चिमट्यासारखं यंत्र, तारेला नुसतं कवेत घेतलं की किती अँपिअर वाहतायत ते सांगतं. हिशोब साधा होता. तीन किलोवॅट म्हणजे तेरा अँपिअर, त्याच्या आत राहायचं. जरा वर गेलं तर तिकडचा मीटर थोडा वेळ सोसतो. फार वर गेलं की अंधार. मी स्वतः तिकडचा मीटर झालो होतो. मर्यादा ओलांडली तर मेन स्विच पाडायचा, असं आजीबाईंचं फर्मान.

“नऊ!” मी ओरडायचो.

“नोव्हे,” मुलगी तिकडे सांगायची.

“साडेदहा!”

“अहो, आवाज खाली. मसाला जळतोय का काय ते कळत नाही मला.”

घर हळूहळू तापत गेलं. माझा शर्ट पाठीला चिकटला. पण स्वयंपाकघरात काहीतरी वेगळंच चाललं होतं. आजीबाई विचारायच्या, बायको दाखवायची. मुलीने भाषांतर करायच्या आत दोघींचं बोलणं पुढे गेलेलं असायचं. प्लेट बंद करून झाकण ठेवून भात मुरायला ठेवल्यावर आजीबाईंनी टाळीच वाजवली. “ती म्हणतेय ममा हुशार आहे,” मुलगी म्हणाली. माझ्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत. मी “दोन!” म्हणून ओरडलो.

बटाट्याची भाजी तेवढी राहिली होती. मोठी प्लेट पुन्हा लावली. मी मनातल्या मनात मुलीची खोली परत मिळवून बसलो होतो, डोंगरांसकट.

तेवढ्यात शेजारच्या भाभी आल्या. त्या रत्नागिरीकडच्या, आमच्याच व्हिलाच्या पलीकडच्या भागात राहतात, आणि त्यांच्याकडे सुरमई तळली की एक ताट आमच्याकडे येतंच. दार उघडंच असतं. त्या आत आल्या त्या पदराने वारा घालत.

“या अल्ला! हे घर आहे का भट्टी? वहिनी, एसी बिघडला काय तुमचा?”

आणि कुणी काही बोलायच्या आत सोफ्यावरचा रिमोट उचलून त्यांनी एसी चालू केला, मासळीचं ताट मायक्रोवेव्हमध्ये सरकवलं आणि बटण दाबलं. “खलास. आता जरा जीवात जीव येईल.”

माझ्या हातातला आकडा अकरावरून वीसवर गेला. मग तेवीस.

ते तेवीस फक्त मला दिसत होते. बायको ओट्याकडे तोंड करून होती. मोबाइलमध्ये आजीबाईंना भाजी दिसत होती. भाभी मुलीला “कशी आहेस गो बाय?” विचारत होत्या. मी नुसतं जोरात “दहा!” म्हणालो असतो तर मुलीने “दिएची” म्हटलं असतं, मायक्रोवेव्हची घंटी वाजली असती आणि सगळं पार पडलं असतं. मला रोज कशाकशाचं अपराधी वाटतं, त्यात ह्या एकाची भर. पोरीची खोली होती त्या आकड्यात. मी तो आकडा बघत उभा राहिलो, घाम डोळ्यांत जात होता, आणि मला असंही वाटलं की बापाने एवढं खोटं बोलायला काहीच हरकत नाही. बाप असतो तरी कशासाठी.

मी स्विच पाडला.

एसी उसासा टाकून थांबला. मायक्रोवेव्हमधलं ताट फिरता फिरता अर्ध्यावर उभं राहिलं. फ्रिज गप्प झाला. ओढलेल्या पडद्यांमुळे घर अर्धवट अंधारात गेलं. फक्त मोबाइलचा पडदा उजळलेला आणि त्यात आमच्या मुलीचा चेहरा.

“बाबा,” ती म्हणाली. “बाबा, तू काय केलंस?”

“तेवीस झाले होते,” मी पॅसेजमधून म्हणालो.

“दादा, माझं काय चुकलं?” भाभींनी विचारलं. बायकोने त्यांचा हात धरला. “तुमचं काही नाही चुकलं. बसा.” मग माझ्याकडे वळून, दबक्या आवाजात, “अहो, काय हे. पोरीचं घर आहे ते.”

मी मोबाइलसमोर जाऊन उभा राहिलो. आता सॉरी म्हणायलाही तोंड नव्हतं. आजीबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी अगदी थोडक्यात काहीतरी विचारलं.

“ती विचारतेय,” मुलीचा आवाज बारीक झाला होता, “आता खाली कोण जाणार.”

“खाली कशाला? पॅनेल इथेच आहे, पॅसेजमध्ये.”

“मीटर कुठे आहे, विचारतेय.”

मीटर आमच्या व्हिलाच्या कंपाउंडच्या भिंतीत आहे, बाहेर, रस्त्याच्या बाजूला. तिथे जाऊन करायचं काहीच नव्हतं. आजीबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

“जातो मी,” मी म्हणालो.

जिना उतरून मी भर दुपारी बाहेर आलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाळूवरून येणाऱ्या झळा चेहऱ्याला चटके देत होत्या. मी मीटरच्या पेटीचं लोखंडी दार उघडलं, हात पोळला, आत बघितलं. आमचा मीटर आपल्या कामात होता, त्याला काहीच कळलेलं नव्हतं. मी त्याच्यासमोर थोडा वेळ मूर्खासारखा उभा राहिलो, दार लावलं आणि पुन्हा जिना चढलो. धापा टाकत वर येऊन स्विच उचलला. फ्रिज बोलायला लागला.

मोबाइलमध्ये मुलगी रडत होती. तशी रडणारी पोर नाही ती.

“काय झालं? नाही म्हणाल्या का?”

“नाही.” तिने नाक पुसलं. “ती म्हणतेय, तिला लाइट जाण्याचा राग नव्हता. लाइट सगळ्यांच्या घरी जातात. तिन्ही वेळा तीच खाली गेली. अंधारात, गुडघे दुखत असताना, कठडा धरून, तळघरात मीटर आहे तिथे. आणि मी वर होते. तुझ्याशी फोनवर.”

ते मला माहीत होतं. म्हणजे, मी ऐकलं होतं. फोनमध्ये मागे दार वाजल्याचं, मग खूप वेळाने पुन्हा वाजल्याचं. त्या वेळात मी पोरीला न्यूट्रल समजावत होतो. हात लावू नकोस, त्यांनाच बघू दे, हे शब्द माझेच होते. तारेची काळजी मी केली, किटलीची केली, आणि पायांचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

ह्या वेळी मी खरंच एक वाक्यही बोललो नाही. बायको पुढे झाली. मुलीला म्हणाली, “सांग त्यांना, आमच्याकडून नाही शिकवलं गेलं. आता तिथे त्यांनी शिकवावं.”

मुलीने सांगितलं. आजीबाईंनी ऐकून घेतलं. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. बोट करून विचारलं, त्या थांबलेल्या मायक्रोवेव्हमधलं ताट कसलं आहे. मग भाभींनी सुरमई त्यांच्या तोंडासमोर धरली, इतकी जवळ की पडदाभर नुसता मासाच दिसायला लागला, आणि पुढचं सगळं बोलणं तिखटाबद्दल झालं. आमचं जेवण कोमट होतं, घर तापलेलं होतं. भाभी जेवताना एकदाही रिमोटकडे गेल्या नाहीत. बिचाऱ्या हात मांडीखाली घेऊन बसल्या होत्या.

त्या आठवड्यात आजीबाईंनी खोलीचा विषयच काढला नाही. मी रोज विचारायचो, मुलगी रोज म्हणायची, “शी हॅजन्ट सेड एनीथिंग.” मग एका संध्याकाळी तिने फोटो पाठवला. तिच्या तळहातावर एक जुनी पितळी किल्ली. तळघरातल्या मीटरच्या खोलीची. आजीबाईंनी नाश्त्याच्या वेळी बशीशेजारी ठेवली होती.

“म्हणजे ठेवून घेतलं,” बायको म्हणाली.

परवा मी गाडीत होतो, मुसफ्फाहून घरी येत. मुलीचा फोन आला. मागे जिन्यातला मोकळा, घुमणारा आवाज होता.

“बाबा, लाइट्स गेले.”

“काय लावलं होतंस?” माझ्या तोंडून निघालंच.

“मी नाही! शी डिड इट. ओव्हन आणि हेअर ड्रायर, टुगेदर. वर बसून हसतेय. मी खाली चाललेय.”

“टॉर्च आहे का? कठडा धर. पाय बघून टाक, आणि मीटरला हात लावायच्या आधी—”

“बाबा.”

“हं?”

“बोलू नकोस. मोजतेय मी पायऱ्या, शेवटची एक तुटलेली आहे.”

मी सिग्नलला थांबलो. बोललो नाही. फोनमध्ये तिच्या चपलांचा आवाज खाली खाली उतरत गेला.